बोटभर कापड

कारखान्यात बायकांना नावं नव्हती असं नाही. हजेरीच्या यंत्रात सगळ्यांची होती, आडनावासकट. पण हाक मारायला ती कोणी वापरत नसे. जी ज्या तुकड्यावर बसायची, ती त्या तुकड्याची व्हायची. कॉलरवाली, कफवाली, काजवाली, खिसेवाली. एकदा खिसेवाली आजारी पडली. तिला बघायला सातआठजणी इस्पितळात गेल्या आणि दारावरच्या माणसानं पेशंटचं नाव विचारल्यावर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेवटी कॉलरवाली म्हणाली, "अहो, डाव्या छातीवर असतं बघा तिचं!" त्या माणसानं त्यांना सरळ हृदयविकाराच्या वॉर्डात पाठवलं.

ही हकीगत बाहीवालीची.

बाही लावणं हे शर्टातलं सगळ्यात नाठाळ काम. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे शर्टाच्या अंगाला बाहीसाठी ठेवलेल्या भोकापेक्षा, बोटभर मोठा असतो. चुकून नाही, मुद्दामच. तेवढं जास्तीचं कापड नसेल तर हात वर करताना शर्ट काखेत ओढ घेतो. म्हणजे मोठी वस्तू लहान जागेत बसवायची आणि बसवली आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही. एक चुणी दिसली की शर्ट परत. ते बोटभर कापड जिरवावं लागतं. लहानशा घरात चार पाहुणे जास्त येऊन राहतात आणि कोणाला अडचण वाटत नाही, ते कसं जमलं हे त्या घरातल्या बाईलाच माहीत असतं, तसंच हे.

बाहीवालीची रीत अशी : बाही खाली, शर्टाचं अंग वर. मशीनचे दात खालच्या कापडाला जरा जास्त ओढतात, म्हणून खालचं कापड न सांगता थोडं जास्त आत जातं. वरचं डाव्या अंगठ्यानं किंचित ताणून धरायचं आणि खांद्याच्या शिवणीपाशी आलं की अंगठा सोडायचा. नेमका कधी सोडायचा हे बावीस वर्षांत तिनं कधी शब्दांत मांडलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. दिवसाला तीनशे शर्ट तिच्या हाताखालून जात. तपासणीच्या टेबलावर तिच्या गठ्ठ्यातले चारदोन शर्ट उलटेपालटे करायचे आणि बाकीचे तसेच पुढे सरकवायचे, असा तिथला रिवाजच पडला होता.

आता मात्र तिच्या अंगठ्याचं पेर सुजायला लागलं होतं. संध्याकाळच्या पाळीच्या शेवटी पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दिसेनासा व्हायचा. कॉलरवाली म्हणायची, "तुला दोरा दिसत नाही ते सोड, सुपरवायझरला कळू देऊ नकोस म्हणजे झालं. त्याला तरी कुठे काही दिसतंय!"

त्या कारखान्यात एक जुनी पद्धत होती. बाईचे डोळे किंवा हात थकले, की तिनं आपली एक मुलगी, सून, भाची, कोणीतरी आणायची आणि आपल्या मशीनशेजारी स्टुलावर बसवायची. याला सगळे 'शेजार' म्हणत. शेजार चाळीस दिवसांचा. रोज थोडं थोडं मशीन तिच्या हाती द्यायचं. चाळिसाव्या दिवशी तिनं सुपरवायझरसमोर वीस शर्ट शिवायचे. चुणी पडली नाही, तर ती खुर्चीवर आणि थकलेली बाई घरी. कागदावर हे कुठेही नव्हतं, पण कारखाना निघाल्यापासून कोणी मोडलंही नव्हतं. बाहीवाली स्वतः तिच्या चुलत सासूच्या शेजारी बसून शिकली होती.

तिला स्वतःच्या मुलीला या स्टुलावर बसवायचं नव्हतं. हे आधी सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील आईनंच मुलीला ओढलं. मुलगी पदवीधर होती. कॉम्प्युटरचे दोन कोर्स झाले होते. एका कचेरीत परदेशी दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम तिला मिळालं, तेव्हा बाहीवालीनं सबंध लाइनीला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. 'चपला पायाला लागतात', 'रंग फोटोत वेगळा होता', अशा तक्रारी. मुलगी घरी येऊन वाचून दाखवायची आणि सगळे पोट धरून हसायचे. अकरा महिन्यांनी उत्तरं कॉम्प्युटरच लिहायला लागला. साठ मुलींपैकी चौघींना ती नुसती वाचायला ठेवलं, त्यांत ही होती. मग कॉम्प्युटरला वाचणारंही कोणी लागेना. त्यानंतर दीड वर्ष ती अर्ज करत होती. अर्ज वाचायलासुद्धा आता माणूस नसतो, असं तिनं एकदा जेवताना सांगितलं आणि पुढचा घास घेतला नाही.

त्या दिवशी बाहीवाली जे बोलली ते पुढे तिला फार आठवलं. ती म्हणाली, "कागदाचं काम यंत्र शिकलं, शिकू दे. कापड त्याला या जन्मी जमायचं नाही. तू माझ्या शेजारी बस. हातातलं कोणी काढून घेत नाही."

हे ती उगीच बोलली नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी मालकानं आपोआप बाही लावणारं एक यंत्र आणवलं होतं. ते तीन दिवस चाललं, चौथ्या दिवशी त्यानं एक शर्ट गिळला आणि तो कोणालाच बाहेर काढता आला नाही. आता ते कोठीच्या कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभं होतं आणि बायका त्यावर डबे ठेवत.

मुलगी म्हणाली, "आई, मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"मला तरी कुठे दिसतो आता? दोघी मिळून ओवू."

नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "बसू दे. शिकलेली बाहीवाली म्हणजे बाहीला कॉलर येईल." त्याच्या विनोदावर कोणी हसलं नाही तरी तो स्वतः पुरेसा हसायचा.

शेजाराच्या नवव्या दिवशी कॅमेरा आला.

आणला तो एका मुलीनं. वयानं बाहीवालीच्या मुलीएवढीच, पाठीवर सॅक, पायात पांढरे बूट, बोलणं मऊ. सुपरवायझरनं तिला लाइनीवरून फिरवलं. ती प्रत्येकीच्या मशीनपाशी थांबून नुसते हात बघत होती. बाहीवालीपाशी ती उभी राहिली ती हललीच नाही.

"मावशी, एक बाही परत लावून दाखवाल?"

बाहीवालीनं लावली.

"आणखी एक?"

"अगं, लग्नाला मागणी घालायला आलीस का माझ्या हाताला?"

कॅमेरावाली हसली. मग तिनं सॅकमधून एक पट्टा काढला. कपाळावर बांधायचा, मधोमध करंगळीच्या पेराएवढा कॅमेरा. तो बाहीवालीच्या हातांवर राहणार होता, दिवसभर. काही वेगळं करायचं नाही, रोजच्यासारखंच शिवायचं. वर थोडा भत्ता. एका कागदावर सही. कागद चार पानांचा होता. सुपरवायझर म्हणाला, "करा हो, सगळ्या लाइनींवर केल्यात." तिनं केली. सहा बायकांना पट्टे बांधले. कॉलरवालीला नाही. ती म्हणाली, "चला, माझे हात कुरूप ठरले," आणि बाहीवालीकडे वळून, "तुला तिसरा डोळा फुटला बाई. घरी नवऱ्याकडे जपून बघ, भस्म व्हायचा."

खरं सांगायचं तर बाहीवालीला त्या दिवशी बरं वाटलं. बावीस वर्षांत तिच्या शर्टात चूक नाही म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. चूक नसली की बोलायला काही नसतंच. आणि ही पोरगी म्हणाली होती, "मावशी, चार गावं हिंडले, असे हात कुठे बघितले नाहीत." घरी येऊन तिनं हे नवऱ्याला सांगितलं.

"मी इतकी वर्षं तेच सांगतोय, तुझा हात फार भारी."

"तुम्ही पाठीत बसलेल्या धपाट्याबद्दल सांगत होतात."

मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आई, आमच्याकडेसुद्धा आधी असंच होतं. तुम्ही नेहमीसारखं लिहा, आम्ही फक्त बघतो, म्हणाले होते."

बाहीवालीनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही. माणूस असं करू शकतं.

पण मुलीचं बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. दोन दिवसांनी चहाच्या वेळी तिनं सुपरवायझरला गाठलं. कॉलरवाली सोबतीला आली, ती कुठेही सोबतीला यायची.

"साहेब, हे बघून बघून यंत्र करणार काय?"

"शर्ट शिवणार, आणखी काय. भांडी घासेल का?"

"मग आम्ही?"

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. तो या कारखान्यात कापड कापायला लागला होता आणि त्याच्या दोन बोटांना अजून कात्रीचा घट्टा होता. त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "बाई, लोखंड, बाटल्या, कागद, सगळं यंत्रांनी कधीच उचललं. कापड राहिलं, कारण ते मऊ. धरलं तर दुमडतं, सोडलं तर घसरतं. म्हणून ते समुद्र ओलांडून आपल्याकडे येतं शिवायला. तुम्हाला काय वाटलं, आपण गोड बोलतो म्हणून येतं? यंत्राला एकदा ते धरता आलं, की शर्ट तिकडेच शिवतील, दुकानाच्या मागच्या खोलीत. बोटीनं न्यायची-आणायची कटकट कशाला?"

"आणि पट्टा काढून ठेवला तर?"

"तर पलीकडच्या कारखान्यातली कोणीतरी बांधेल. मालकाला खरेदीदारानं तेच सांगितलं, मालकानं मला. मी काय, कोठीच्या किल्ल्या सांभाळतो."

"म्हणजे घरच्या चोराला कंदील दाखवायचा," कॉलरवाली म्हणाली, "आणि वर त्याच्या पायाखाली सतरंजी घालायची."

सुपरवायझर म्हणाला, "हळू बोला."

तरी बाहीवालीला धीर होता. तिला वाटत होतं, हात बघून हात येत असते तर मांजरीनं रोज बघून बघून दूध तापवलं असतं. बघणं वेगळं. शिकायला सांगणारं कोणी लागतं. आणि सांगत तर ती फक्त आपल्या मुलीला होती, शेजारच्या स्टुलावर, मशीनच्या आवाजात, तोंड तिच्या कानाशी नेऊन. "ताणू नकोस. अंगठा असा ठेव जसा पाण्यावर ठेवलाय. दाबलास तर बुडेल. आता शिवण आली, श्वास सोड, श्वासाबरोबर अंगठा." पंधरा दिवसांत मुलीची बाही बसायला लागली होती. चुण्या पडत, पण आता त्या मागच्या बाजूला पडत. ही प्रगतीच होती.

मग सोमवारी कॅमेरावाली आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. "मावशी, तुम्ही मुलीला म्हणालात ना, अंगठा पाण्यावर ठेवल्यासारखा? काय बोलता तुम्ही! आमच्या साहेबांनी ते वाक्य भिंतीवर लावलंय. कापडावर किती दाब द्यायचा ते आम्हाला कळतच नव्हतं. तुमच्या बोलण्यावरून आणि बोटांवरून आता जुळायला लागलंय."

कॅमेऱ्याला कान होते. तिच्या भुवयांच्या मधोमध बसलेले, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

बाहीवालीनं मुलीकडे बघितलं. मुलगी आपल्या नखांकडे बघत होती. आईनं मुलीला दिलेला शब्द न् शब्द तिसरं कोणी उचलून नेत होतं, आणि ते तिसरं एकदा ऐकलं की विसरत नव्हतं. मुलीला तेच दहादा सांगावं लागे.

त्या दिवसापासून तिनं बोलणं बंद केलं.

आता दगडाखाली सापडलेला हात कुठल्या बाजूनं ओढायचा? बोलावं तर यंत्र शिकतं, गप्प बसावं तर मुलगी राहते. डब्याच्या सुट्टीत पट्टा काढत, तेव्हा सांगावं म्हटलं तर सुट्टीत मशीनची वीजही बंद करत. घरी मशीन नव्हतं. जेवण झाल्यावर ती जुना शर्ट मांडीवर घ्यायची, मुलीचं मनगट धरायची आणि आपल्या अंगठ्यानं त्यावर दाब दाखवायची. "एवढा. नाही, एवढा. आता सोडला. कळलं?" मुलगी हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून, दात नसलेल्या त्या मनगटाची आठवण मशीनच्या दातांवर चालवायचा प्रयत्न करायची आणि शर्ट गोळा व्हायचा. ती आईकडे बघायची. आई समोर बघायची. कपाळावर कॅमेऱ्याचा लाल ठिपका जळत असायचा.

"आई, निदान मान तरी हलव," एकदा ती कळवळून म्हणाली.

मान हलवली तर कॅमेरा हलला असता. तेही त्यांना कळलं असतं.

दिवस जात होते. एकविसावा, बाविसावा. तेविसाव्या दिवशी बाहीवालीला वाटलं तिला वाट सापडली.

तिनं ठरवलं, चुकीचं शिवायचं. यंत्र बघतंय ना, बघू दे. त्यानं तिचं बघून चुकीचेच हात शिकावेत आणि त्या कोठीतल्या भावासारखं प्लास्टिक पांघरून उभं राहावं. तिनं बाही खाली घ्यायच्या ऐवजी वर घेतली. नवशिके पहिल्या दिवशी करतात ती चूक. वरचं कापड पुढे सरकत गेलं आणि मुंढ्याच्या शेवटी मांजराच्या कानासारखा फुगवटा उभा राहिला. हा शर्ट असाच पुढे ढकलायचा, असं तिनं मनात दहादा घोकलं होतं. तपासणीवाले तिचे शर्ट कुठे बघतात!

पण हातानं ढकलला नाही. तिनं डोळे समोरच्या भिंतीवर ठेवले होते. खाली तिच्या उजव्या हातानं उसवायचं टोकदार हत्यार उचललंही, तीन टाके सोडून चौथा तोडला, दोरा ओढला, फुगवटा दोन बोटांत धरून मागे पांगवला, आणि शिवण पुन्हा घातली. चुणी नाही. शर्ट गठ्ठ्यावर. तिला कळलं तेव्हा होऊन गेलं होतं.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा हातानं दुरुस्त केलं. त्या दिवशी किती वेळा, तिनं मोजलं नाही. हाताला एकदा वळण लागलं की त्याला मालकिणीचंही ऐकू येत नाही. चुणी पडलेला शर्ट गठ्ठ्यावर ठेवणं तिला जमलंच नाही, जसं सांडलेलं दूध न पुसता पुढे जाणं जमत नाही. तरी तिनं चार दिवस नेट लावला. निम्मा वेळ तरी चुकीचंच दिसतंय ना, असं तिला वाटत होतं.

आणि पाचव्या दिवशी कॅमेरावाली बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन आली. लाइनीसमोर तिनं बाहीवालीचा हात दोन्ही हातांत धरला.

"मावशी, तुम्हाला कसं सुचलं? नीट शिवल्याचे हजारो तास आमच्याकडे होते. पण चुकलं की यंत्र तिथेच अडायचं, शर्ट फाडायचं. चुकल्यावर काय करतात ते कोणी दाखवलंच नव्हतं. सगळ्या बायका कॅमेऱ्यासमोर जपून शिवतात ना! तुम्ही मुद्दाम चुकून, परत नीट करून दाखवलंत. ते उसवणं! तीन टाके सोडून चौथा! एवढंच अडलं होतं हो."

बाहीवालीला खाली बसायचं होतं, पण ती बसलेलीच होती.

कॉलरवाली सगळं समजून होती. तिनं पुड्यातलं एक बिस्किट उचललं, दोन तुकडे केले, एक बाहीवालीच्या पुढ्यात ठेवला. "खा," ती म्हणाली. "तू दिलेल्या धड्याची दक्षिणा आहे." आणि मग, तिची नेहमीची जीभ कुठेतरी गळून पडल्यासारखी, "खा गं."

त्याच दुपारी दुसरी गोष्ट घडली. मशीन मुलीच्या हाती होतं. तिनं बाही उचलली आणि वर ठेवली. दुसरी बाही, तीही वर. शेवटी फुगवटा. बाहीवालीच्या तोंडून शब्द निघून गेला, "अगं, वर काय ठेवतेस!"

"चार दिवस तू अशीच लावत होतीस," मुलगी म्हणाली. "मला वाटलं ही पुढची पायरी आहे. तू काही बोलतच नाहीस, मग मी बघूनच शिकणार ना?"

यंत्राला चुकीचं शिकवायला गेली आणि पोटची पोर चुकीचं शिकली. यंत्रानं त्यातलं नेमकं चांगलं तेवढं उचललं होतं. बाहीवालीनं डोक्यावरचा पट्टा सरळ केला, स्टूल जवळ ओढलं आणि तेव्हापासून ती पुन्हा बोलायला लागली. मोठ्यानं, सगळं, जे येत होतं ते. आता राखायला काय उरलं होतं? उरलेल्या तेरा दिवसांत मुलीला वीस शर्ट यायला हवे होते, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं. ज्याला घ्यायचं असेल त्यानं घ्यावं, पण तिलाही मिळू दे. एका ताटातलं दोघांना पुरतं, असं बायका म्हणतात. पुरतंही कधी कधी.

मुलगी शिकली. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, सुट्टीत बोटं मिटून उघडून बघायची. अंगठ्याला फोड आला, तो दाखवायला तिनं कॉलरवालीपुढे हात केला, तर कॉलरवाली म्हणाली, "आता तू पदवीधर."

चाळिसाव्या दिवशी सुपरवायझर मशीनपाशी उभा राहिला. आजूबाजूच्या मशीनचे आवाज हळूहळू कमी झाले. शेजाराच्या शेवटच्या दिवशी तेवढी सूट असे. मुलीनं बाही खाली घेतली, अंग वर. एक शर्ट, दोन, सात, बारा. बाहीवाली खुर्ची जरा बाजूला सरकवून बसली होती आणि स्वतःच्या मांडीवर अंगठा ठेवून तो दाबत सोडत होती. सतराव्या शर्टाला शिवणीपाशी चुणी उठली. मुलगी थांबली नाही. हत्यार उचललं, तीन टाके सोडून चौथा तोडला, पांगवलं, शिवलं. विसावा शर्ट झाल्यावर सुपरवायझरनं सगळ्या मुंढ्यांतून आतून तळवा फिरवला. त्याला वेळ लागला.

"हात आईचा आहे," तो म्हणाला.

बाहीवाली उठायला लागली. पद्धत अशी होती की तिनं उठायचं, खुर्ची हातानं पुसायची आणि नवीला बसवायचं.

"बसा बाई," सुपरवायझर म्हणाला. "जरा बसा."

मग त्यानं सांगितलं. वरून निरोप आला होता. नवी कोणी घ्यायची नाही. शेजार बंद. ज्या आहेत त्या, जमेल तोवर. पुढच्या वर्षीची ऑर्डर निम्मीच येणार आहे. उरलेली तिकडेच, नव्या यंत्रावर.

"पण मी उठतेय ना!" बाहीवाली म्हणाली. "एक उठली, एक बसली. तुमचे नग वाढले कुठे? माझ्या जागी तिला घ्या."

"तुम्ही उठलात तर जागाही उठेल. असंच लिहिलंय. तुमचं नाव गेलं की त्यापुढे रेघ."

"मग तिला चाळीस दिवस बसवलंत कशाला?"

सुपरवायझरनं चष्मा काढला, पण पुसला नाही. "मला परवा कळलं. परवा सांगितलं असतं तर तिनं हे वीस शर्ट शिवले असते का?" मग तो म्हणाला, "मला बघायचे होते. आता कोण शिवून दाखवणार आहे मला?"

खिसेवालीनं मशीन सुरू केलं, मग कफवालीनं, आणि आवाज पहिल्यासारखा भरून आला.

मुलगी स्टुलावरून उतरून शर्टांच्या घड्या घालत होती. बाहीवालीला तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. आधी ती म्हणाली होती शीक, तर ती शिकली. मग म्हणाली कागद गेला तर जाऊ दे, कापड धर; तर तिनं धरलं. आता काय धर म्हणायचं? आईजवळ सांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या आणि दोन्ही सांगून झाल्या होत्या.

आठवड्याभरानं कॅमेरावालीचा निरोप आला. तिला मुलगी हवी होती. पक्की नोकरी नाही, तीन महिने. यंत्राला कसबी हात शिकवून झाले होते, आता नवशिके हात हवे होते. नवी माणसं कुठे अडखळतात, कशी सावरतात, ते. "माझंही काम त्या तीन महिन्यांपुरतंच आहे, मावशी," ती म्हणाली. ती हे सहज म्हणाली, पण तिचे पांढरे बूट आता तेवढे पांढरे राहिले नव्हते.

घरी नवरा म्हणाला, "नको म्हणावं. आपल्याच पायावर किती वेळा धोंडा पाडून घ्यायचा?" आणि थोड्या वेळानं, "तीन महिने तर तीन महिने." आणि झोपायच्या आधी पुन्हा, "नकोच." मुलीनं शेवटी दोघांनाही विचारलं नाही. सकाळी उठली, केस मागे घट्ट बांधले आणि आईबरोबर निघाली.

आता कॅमेरावालीच्या कामापुरती, आईच्याच मशीनवर, खुर्चीवर मुलगी बसली होती आणि स्टुलावर बाहीवाली. चाळीस दिवस ज्यासाठी केले, ते दिसायला अगदी तसंच झालं होतं. पट्टा मुलीच्या कपाळावर होता. तो बांधताना बाहीवालीनं तिचा एक केस पट्ट्याखाली अडकला होता तो सोडवून दिला. लाल ठिपका लागला.

बाहीवालीनं रात्रभर एक गोष्ट ठरवली होती : गप्प बसायचं. मुलीला आता शिकून काही मिळणार नव्हतं, म्हणजे तिला सांगायचं काही कारण उरलं नव्हतं. जे जाईल ते निदान आपल्या तोंडानं जाऊ नये. तिनं ओठ मिटले, हात मांडीखाली घेतले.

मुलीनं बाही खाली घेतली, अंग वर. मशीन चाललं. अर्ध्यापर्यंत ठीक होतं. मग खांद्याच्या शिवणीच्या दोन बोटं अलीकडे अंगठा जरा जास्त दबला. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. बाहीवालीला कापडाखाली ती चुणी उठायच्या आधी दिसली, तापलेल्या दुधावर साय हलावी तशी. मुलीलाही काहीतरी लागलं असावं, कारण तिनं मशीन हळू केलं आणि मान न वळवता विचारलं,

"आई, आता?"

बाहीवालीनं दातावर दात दाबले. सुई पुढे सरकत होती. एक टाका. अजून एक. चुणी आता जन्माला येणारच होती.

"सोड," ती म्हणाली. "श्वास सोड. हं, आता अंगठा. हळू... पाण्यावर आहे तो."